वाचकांचे प्रश्न : राजाच्या देशात पाहुणे म्हणून जाताना

गेल्या अंकात या पानावर थायलंडचा व्हिसा आणि तिथले शाकाहारी जेवण याबद्दल लिहिले होते. त्यावर बडोद्यातून आलेल्या पत्रांत व्हिसाबद्दल दोन ओळी आणि राजाबद्दल दोन पाने असे प्रमाण निघाले. चौकाचौकात सोनेरी चौकटीतले अवाढव्य फोटो, सिनेमाआधी उठून उभे राहणारे थिएटर, पिवळे शर्ट घालून रस्त्याकडेला जमिनीवर बसलेली माणसे. जाऊन आलेले विचारतात, ते काय होते? निघालेले विचारतात, आपण काय करायचे? एकसारखी पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

जावई सांगत होते, बँकॉकच्या थिएटरात सिनेमाआधी सगळे उभे राहतात. बागेत सकाळी गाणं लागलं की पळणारी माणसंही जागच्या जागी थांबतात. हे एकच गाणं आहे का? आणि आपण उभं राहायचं का?
— दांडिया बाजार

गाणी दोन आहेत आणि त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. बागेत, रेल्वे स्टेशनवर, शाळेत, चतुचकसारख्या बाजारात सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता लाउडस्पीकरवर लागते ते थायलंडचे राष्ट्रगीत. थिएटरात लागते ते राजगीत. १९३२ मध्ये राजाची अनिर्बंध सत्ता संपेपर्यंत हेच देशाचे गीत होते. त्याची चाल एका रशियन संगीतकाराची आहे, हे बऱ्याच थाई लोकांनाही सांगावे लागते.

राष्ट्रगीत लागले की चालणे थांबवा, हात बाजूला सोडा, टोपी काढा, मोबाइल खाली करा. मिनिटभराचाच मामला असतो. रिक्षात, बसमध्ये किंवा मेट्रोच्या डब्यात असाल तर काही करायचे नाही, वाहने थांबत नाहीत. सरकत्या जिन्यावर असाल तर जिना संपू द्या, बाजूला व्हा आणि मग थांबा. जिन्यावरच पाय रोवून उभे राहिलात तर मागचा माणूस अंगावर येईल.

थिएटरात जाहिराती आणि ट्रेलर संपल्यावर पडद्यावर उभे राहण्याची सूचना येते. पॉपकॉर्नचा डबा आधीच खुर्चीच्या खाचेत ठेवा, कारण मांडीवर ठेवून उठणाऱ्यांचा तो हमखास सांडतो. गीताच्या शेवटी थाई लोक मान किंचित लववतात. तुम्ही नुसते सरळ उभे राहिलात तरी पुरे.

अलीकडे, विशेषतः २०२० च्या विद्यार्थी आंदोलनानंतर, अनेक तरुण बसून राहतात. शेजारची चार मुले बसलेली पाहून पाहुण्याने मात्र बसू नये. त्यांचे बसणे ही त्यांची राजकीय भूमिका असते आणि तिचे बरेवाईट परिणाम भोगायला ती तयार असतात. आपण तिकीट काढून सिनेमा पाहायला आलेले असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि २०१८ मध्ये ते ऐच्छिक केले. त्या मधल्या काळात इथल्या थिएटरांत कशा बाचाबाची होत होत्या ते आठवा, म्हणजे परक्या देशात तो वाद अंगावर का घेऊ नये हे वेगळे सांगायला नको.

नाण्यावर पाय ठेवला तर अटक होते, हे खरं का?
— वाडी

लगेच अटक होणार नाही, पण आसपासचे चेहरे बदलतील. थायलंडच्या सगळ्या नोटांवर आणि नाण्यांवर राजाचे चित्र असते आणि पाय हा तिथे शरीराचा सर्वांत हलका भाग मानतात. घरंगळणारे नाणे पायाने अडवायची आपली सवय तेवढी बाजूला ठेवा, वाकून हाताने उचला. नोट चुरगाळून टेबलावर फेकू नका, तिच्यावर हिशेब लिहू नका. नोटा मागच्या खिशात ठेवून त्यांच्यावर बसण्यापेक्षा पाकीट पुढे ठेवलेले बरे, आणि खिसेकापूंच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचे.

माझा मुलगा कॉलेजात आहे, मीम बनवण्याचा त्याला भारी नाद. तिथल्या कायद्याबद्दल बरंच ऐकलंय. तो परदेशी माणसाला लागू होतो का? मराठीत बोललं तर चालतं का?
— प्रतापनगर

लागू होतो. थायलंडच्या दंडसंहितेचे कलम ११२ सांगते की राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी, अपमान किंवा त्यांना धमकी असेल तर ३ ते १५ वर्षे तुरुंगवास. ही शिक्षा प्रत्येक गुन्ह्याला वेगळी, म्हणजे पाच पोस्ट टाकल्या तर हिशेब पाचाने वाढतो. १९७६ पर्यंत ती कमी होती, त्या वर्षीच्या लष्करी उठावानंतर वाढवली. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पूर्वीच्या राजांनाही लावले, त्यामुळे ‘हा तर इतिहास आहे’ ही पळवाटही उरली नाही.

या कलमातली खरी मेख शिक्षेत नाही, तक्रारीत आहे. ज्याचा अपमान झाला त्यानेच तक्रार करावी असा नियम नाही. कुणीही, कुणाच्याही विरुद्ध, कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकतो, आणि अशी तक्रार फेटाळून स्वतःवर संशय ओढवून घ्यायला पोलीस अधिकारी सहसा राजी नसतो. म्हणून प्रकरण क्षुल्लक असले तरी पुढे सरकते. २०१५ मध्ये राजाच्या कुत्रीबद्दल उपरोधाने लिहिल्यावरून एका कामगारावर गुन्हा दाखल झाला होता. एका स्विस माणसाने दारूच्या नशेत राजाच्या फोटोंवर काळा रंग फवारला, त्याला २००७ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. पुढे राजानेच माफी दिली आणि त्याची देशातून रवानगी झाली. २०११ मध्ये थाई वंशाच्या एका अमेरिकी नागरिकाला अटक झाली ती त्याने अमेरिकेत बसून केलेल्या लिखाणासाठी, तो थायलंडला आल्यावर. तेव्हा मुलाला एवढेच सांगा की विमानात बसण्याआधी जुन्या पोस्ट एकदा चाळून घे, आणि तिथे असताना राजघराण्यावरचे काहीही शेअर करू नकोस, त्यावर हसणारी खूणसुद्धा टाकू नकोस.

मराठीत बोललेले कुणाला कळणार नाही हे बहुतांशी खरे आहे. पण फोटोकडे बोट दाखवून चौघांनी खो-खो हसणे कुठल्याही भाषेत कळते. आणि पोस्टचे भाषांतर मोबाइल क्षणात करून देतो.

पत्रांत कुणीच न विचारलेली एक गोष्ट इथे सांगतो, कारण आपली माणसे चुकतात ती नेमकी इथे. गाइडला, टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलच्या मुलीला गप्पांच्या ओघात ‘तुम्हाला हा राजा आवडतो का? आधीचा बरा होता ना?’ असे विचारू नका. विचारून तुम्ही चार दिवसांत घरी जाता. उत्तर देणाऱ्याला तिथेच राहायचे असते, आणि शेजारचा ड्रायव्हर ऐकत असतो. तो हसून विषय बदलेल. त्या हसण्याला दुजोरा समजू नका आणि नकारही समजू नका.

जुलैअखेर जाणार आहोत. पिवळे कपडे घ्यायला सांगितलंय. ही काय भानगड?
— राजमहाल रोड

थायलंडमध्ये प्रत्येक वाराला रंग आहे आणि ही पद्धत आपल्याच ग्रहवारांच्या हिशेबावरून तिकडे गेलेली. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार फिकट निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. गुरुवारी पिवळे नेसणाऱ्या आपल्या बायकांना हा घोळ वाटेल, पण ज्याचा त्याचा हिशेब. माणूस ज्या वारी जन्मला तो त्याचा रंग. आधीचे राजे भूमिबोल (नववे राम; या घराण्यातले राजे असे क्रमाने ओळखतात) आणि आताचे राजे वजिरालोंगकोर्न (दहावे राम) हे दोघेही सोमवारचे, म्हणून पिवळा हा राजाचा रंग. राजांचा वाढदिवस २८ जुलैला असतो आणि तो महिनाभर बँकेतले कारकूनही पिवळ्या शर्टात दिसतात. राणी सुथिदा शनिवारच्या, त्यामुळे ३ जूनच्या आसपास जांभळा.

पाहुण्याने पिवळे घालावे अशी सक्ती नाही. घातलेत तर कौतुकच होईल, पण साधा पिवळा शर्ट घ्या. राजचिन्ह छापलेला शर्ट रस्त्यावर स्वस्तात मिळतो, तो नंतर झोपताना घालायला किंवा फरशी पुसायला वापरायचा नसेल तरच विकत घ्या. आणि २००६ नंतरच्या दशकात पिवळे विरुद्ध लाल असे तिथले राजकारण रस्त्यावर पेटले होते, हेही लक्षात असू द्या. कुठे मोर्चा दिसला तर त्यात आपल्या शर्टाचा रंग कुठला हे पाहत बसू नका, गल्ली बदला.

दुखवट्याचे नियम वेगळे. राजमाता सिरिकिट २४ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी गेल्या. सरकारी नोकरांना वर्षभराचा दुखवटा सांगितला गेला, आणि लोकांना ९० दिवस काळे, पांढरे किंवा साधे गडद कपडे घालण्याचे आवाहन झाले. पर्यटकांवर बंधन नसते, पण अशा काळात राजवाड्याच्या परिसरात भडक फुलाफुलांचा शर्ट उठून दिसतो. बॅगेत एक काळा किंवा पांढरा जोड असू द्या, कुठेही चालून जातो.

राजाची मिरवणूक किंवा सोहळा प्रत्यक्ष पाहायला मिळावा अशी फार इच्छा आहे. कधी जावं, कुठे उभं राहावं? सोबत सत्तरीची आई आहे.
— रावपुरा

आधी तारखा. ६ एप्रिल (१७८२ मध्ये चक्री घराण्याची सत्ता सुरू झाली तो दिवस), ४ मे (२०१९ च्या राज्याभिषेकाचा दिवस), ३ जून, २८ जुलै, १२ ऑगस्ट (राजमातेचा जन्मदिवस, तिथला मातृदिन), १३ ऑक्टोबर (भूमिबोल यांची पुण्यतिथी), २३ ऑक्टोबर (पाचवे राम चुलालोंगकोर्न यांची पुण्यतिथी), ५ डिसेंबर (भूमिबोल यांचा जन्मदिवस, पितृदिन). या दिवसांना सुट्टी असते. त्यातल्या प्रत्येक दिवशी राजा रस्त्यावर दिसेल असे मात्र नाही, बहुतेक विधी राजवाड्याच्या आत होतात. सामान्य माणसांची भक्ती पाहायची असेल तर २८ जुलै आणि ५ डिसेंबर हे दिवस निवडा. सकाळी सनाम लुआंग या राजवाड्यासमोरच्या मोठ्या मैदानात रांगेने येणाऱ्या भिक्खूंना लोक भिक्षा वाढतात, संध्याकाळी तिथेच मेणबत्त्या लावून राजगीत म्हणतात. मेणबत्ती तुमच्याही हातात देतात. ती धरा, आणि मेण टपकणार म्हणून खाली कागद ठेवा.

राजा खरोखर रस्त्याने जाणार असेल तेव्हाचा क्रम असा. तीन-चार तास आधी रस्ते बंद होतात. मैदानाकडे जाणाऱ्या वाटांवर तपासणीच्या चौक्या लागतात, तिथे मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाइलमधला फोटो दाखवून भागेलच असे नाही. पिशव्या उघडून पाहतात. कात्री, सुरी, लायटर, ड्रोन घेऊन जाऊ नका. फळे कापायला ठेवलेली छोटी सुरी हा आपल्या मंडळींचा ठरलेला घोळ, ती हॉटेलातच ठेवा.

आत गेलात की गळ्यात पिवळा रुमाल आणि डोक्यावर निळी टोपी घातलेले स्वयंसेवक दिसतील. ते सांगतील तिथेच बसायचे. पुढच्या रांगा जमिनीवर बसतात, पाय एका बाजूला दुमडून आणि तळवे मागे वळवून. तळवे मिरवणुकीच्या दिशेने येता कामा नयेत. बायकांना हे सहज जमते, पुरुषांचे गुडघे अर्ध्या तासात बोंबलतात. आईंना जमिनीवर बसणे जमत नसेल तर पुढे घुसूच नका. स्वयंसेवकाला गुडघ्याकडे हात करून दाखवा, तो मागे खुर्ची किंवा कठड्याजवळची जागा देतो. म्हाताऱ्या माणसांशी ते फार अदबीने वागतात.

मिरवणूक जवळ आली की छत्र्या मिटतात, टोप्या उतरतात. त्या क्षणी उभे राहून सेल्फी घेणाऱ्याला मागचे लोक खाली ओढतात आणि ते योग्यच आहे. लोक कागदी झेंडे हलवत ‘सोंग फ्रा चरोएन’ असा घोष करतात, म्हणजे राजा चिरायू होवो. तुम्ही नमस्कारासारखे हात जोडलेत तरी शोभेल, तिथला ‘वाय’ तसाच असतो. पादचारी पुलावर थांबू नका. राजाच्या डोक्यावरून पाहणे अशिष्ट समजतात आणि मिरवणुकीआधी पूल रिकामे करतात. ज्यांना बोलावणे नाही आणि जायचीही इच्छा नाही, पण ज्यांची टॅक्सी अशा बंद रस्त्यात अडकली त्यांनी हुज्जत न घालता उतरून मेट्रो गाठावी. राजवाड्याला जवळचे स्टेशन सनाम चाय, तिथून पायी पंधरा मिनिटे. त्या दिवशी विमान असेल तर नेहमीपेक्षा दोन तास आधी निघा.

उन्हाचे काय? एप्रिल-मे मध्ये पारा ३५ च्या वर असतो आणि हवा बडोद्यापेक्षा कितीतरी दमट. आपला कोरडा उन्हाळा सोसलेला माणूस तिथे घामाने लवकर गळून जातो. पाण्यात मीठ-साखर घालून घ्या. मोठ्या सोहळ्यांत पाणी आणि जेवणाचे डबे फुकट वाटतात, पण भातावरच्या भाजीतही माशाचा सॉस असतो. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली गाडी शोधा, तिथले अन्न शाकाहारी तर असतेच, त्यात कांदा-लसूणही नसतो. जैन शेजारी सोबत असतील तर त्यांचीही सोय होते.

सगळ्यात देखणा सोहळा म्हणजे चाओ फ्राया नदीतली राजनौकांची मिरवणूक, पण ती फार क्वचित निघते. डिसेंबर २०१९ मध्ये राज्याभिषेकानिमित्त आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राजांच्या ७२ व्या वर्षानिमित्त निघाली. ५२ नौका, सुमारे २,२०० वल्हेकरी, आणि मधोमध हंसाच्या तोंडाची ‘सुफन्नहोंग’, एका सागाच्या खोडातून कोरलेली, ४६ मीटर लांब. वल्हेकरी गाण्याच्या ठेक्यावर वल्हे उचलतात, त्यामुळे नौका दिसण्याआधी ती ऐकू येते. जाहीर झाली तर आठवडाभर आधीच्या रंगीत तालमी पाहा. पोशाख तोच, गर्दी कमी. मुख्य दिवशी नदीवरच्या फेऱ्या बंद असतात, ‘बोटीने जाऊ’ हा बेत हमखास फसतो. मिरवणूक नसेल तेव्हा बँकॉक नॉय कालव्यातल्या संग्रहालयात यातल्या आठ नौका पाहता येतात.

मे महिन्यात बैलांचा काही सोहळा असतो म्हणे?
— मकरपुरा

असतो, आणि मराठी माणसाने तो चुकवू नये. नांगरणीचा राजविधी सनाम लुआंगवरच होतो, तारीख राजज्योतिषी ठरवतात आणि दरवर्षी बदलते. कृषी मंत्रालयाचे स्थायी सचिव ‘नांगरणीचे अधिपती’ होतात. त्यांच्यापुढे सारख्या दिसणाऱ्या तीन कापडांच्या घड्या ठेवतात, ४, ५ आणि ६ विती लांबीच्या. सर्वांत लांब निघाली तर पाऊस कमी, आखूड निघाली तर भरपूर. मग पांढऱ्या बैलांची जोडी नांगर ओढते, दरबारातले ब्राह्मण शंख फुंकतात, भात पेरला जातो. शेवटी बैलांपुढे सात पदार्थ मांडतात: भात, मका, घेवडे, तीळ, दारू, पाणी, गवत. बैल कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचे भाकीत. भेंडवळची घटमांडणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात काहीच परके वाटणार नाही. राजघराणे निघून गेले की कठडे उघडतात आणि शेतकरी पेरलेले दाणे वेचायला मैदानात धावतात. ते दाणे बियाण्यात मिसळतात किंवा तिजोरीत ठेवतात. त्या धावपळीत लहान मुलांना कडेला धरून ठेवा.

ग्रँड पॅलेसला साडी चालते का? बर्म्युडा घातला म्हणून दिरांना परत पाठवलं होतं.
— बाबाजीपुरा

साडी चालते, ब्लाउज बिनबाह्यांचा नको आणि पोट झाकलेले हवे. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या. सलवार-कमीज सर्वांत सोयीचा. पुरुषांना पूर्ण लांबीची पँट हवी, फाटक्या फॅशनची जीन्सही परत पाठवतात. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट, वेळ सकाळी ८.३० ते दुपारी ३.३०. उघडताच जा. दहानंतर फरशी तापते आणि चपला काढायच्या जागा आत बऱ्याच आहेत, म्हणून मोजे घाला.

दाराबाहेर एखादा टापटीप माणूस भेटेल आणि म्हणेल, ‘आज राजवाडा पूजेसाठी बंद आहे, मी रिक्षाने दुसरी देवळे दाखवतो, फक्त २० बाट.’ ती रिक्षा रत्नांच्या दुकानापाशी थांबते. राजाविषयीच्या आदराचा इतका धूर्त वापर दुसरा नाही: राजाचे नाव निघाले की पाहुणा वाद घालत नाही. तुम्ही सरळ तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. खरोखर बंद असेल तर ते तिथेच लिहिलेले असते.

आत पाचूच्या बुद्धाचे देऊळ आहे. मूर्ती लहान, तिला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन पोशाख, ते ऋतू बदलताना स्वतः राजा बदलतात. गाभाऱ्यात फोटो नाही, पाय मागे दुमडून बसायचे. बाहेरच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे तिथले रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. इथे दोन तास द्या. पहिल्या रामाने आपल्या राजधानीच्या भिंतींवर रामकथाच का रंगवून घेतली, याचा विचार मनात ठेवून पाहिलेत तर राजाभोवतीच्या भक्तीचा अर्धा उलगडा तिथेच होतो. तिथे राजाकडे विष्णूचा अंश म्हणून पाहण्याची रीत आहे, राज्याभिषेक ब्राह्मणांच्या हातून होतो. ७.३ किलोच्या मुकुटाच्या टोकावरचा हिरासुद्धा कलकत्त्याहून नेलेला आहे.

बँकॉकला घोड्यावरच्या एका राजाच्या पुतळ्यापुढे लोक गुलाबी गुलाब आणि ब्रँडी ठेवताना पाहिले. आपल्या सयाजीरावांच्या काळ्या घोड्यापुढे कुणी असं करत नाही! हा कोण?
— सयाजीगंज

चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवे राम. राज्य १८६८ ते १९१०. १९०८ मध्ये लोकवर्गणीतून हा पुतळा उभा राहिला, घडवला पॅरिसमध्ये. बडोदेकराला या राजाची ओळख पटायला वेळ लागत नाही, कारण काळ सयाजीरावांचा आणि वळणही बरेचसे तेच: शाळा, रेल्वे, खात्यांची फेररचना, १९०५ मध्ये गुलामगिरीचा शेवट. १८७२ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन कलकत्ता, दिल्ली, मुंबई पाहून गेले होते.

ते मंगळवारचे, म्हणून गुलाबी गुलाब आणि म्हणून मंगळवारी संध्याकाळी गर्दी. ब्रँडी आणि सिगार त्यांच्या आवडीचे म्हणून. ही पूजा फार जुनी नाही, १९९० च्या दशकात शहरी व्यापारी आणि नोकरदारांत ती वाढली. धंद्यात बरकत यावी म्हणून नवस बोलतात. सतरंजीवर जायचे तर चपला काढा, फुले ठेवा, हात जोडा. मद्य ठेवलेच पाहिजे असे नाही. २३ ऑक्टोबरला इथे पुष्पचक्रांचे ढीग लागतात. चौकाच्या टोकाचा अनंत समाखोम सिंहासन महाल २०१७ पासून पर्यटकांना बंद आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी टॅक्सी करू नका.

यातला खरा विनोद असा की याच राजाने १८७३ मध्ये राजापुढे जमिनीवर पडून राहण्याची चाल बंद केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती हळूहळू परत आली, आणि आज टीव्हीवर मंत्री गुडघ्यांवर सरकताना दिसतात.

एवढं प्रेम खरं असतं, की भीती?
— एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग

दोन्ही, आणि तिसरी गोष्ट म्हणजे सवय. भूमिबोल ९ जून १९४६ रोजी वयाच्या १८ व्या वर्षी गादीवर आले आणि ७० वर्षे राहिले. सुरुवातीची काही वर्षे राजसंस्था दुबळी होती. १९५७ नंतरच्या लष्करी राजवटीने तिला जाणीवपूर्वक पुढे आणले, जुने विधी पुन्हा सुरू केले. नांगरणीचा सोहळाही तेव्हाच पुन्हा मांडला गेला. त्याच वेळी राजाने स्वतः खेडी पालथी घातली, हातात नकाशा, गळ्यात कॅमेरा. धरणे, कृत्रिम पाऊस, डोंगराळ भागात अफूऐवजी फळबागा. १९९२ मध्ये लष्करी पंतप्रधान आणि आंदोलनाचा नेता या दोघांना त्यांनी समोर बसवून समज दिली आणि ते दृश्य टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिले. असे प्रेम नुसत्या कायद्याने उत्पन्न होत नाही. ते १३ ऑक्टोबर २०१६ रोजी गेले तेव्हा काळ्या कापडाचा तुटवडा पडला, रस्त्यांवर कपडे काळे रंगवून द्यायच्या कढया लागल्या. वर्षभरात सव्वा कोटीहून अधिक माणसे दर्शनाला आली. अंत्यविधीच्या सुमाराला फुलावेत म्हणून देशभर झेंडू लावले होते, कारण झेंडू पिवळा.

पण रोज रात्रीच्या टीव्हीवरच्या राजवृत्ताचे, शाळेतल्या धड्यांचे आणि कलम ११२ चेही त्यात काम आहे. ज्या पक्षाने हे कलम सुधारण्याचे आश्वासन दिले तो २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकून आला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये घटना न्यायालयाने त्याच कारणावरून तो विसर्जित केला. म्हणजे मतभेद आहेत, फक्त ते फोटोच्या चौकटीत दिसत नाहीत. उभे राहिलेल्यांतून प्रेमाने किती आणि रीत म्हणून किती उभे आहेत, हे आठ दिवसांच्या पाहुण्याला मोजता येणार नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला जेमतेम एकदा लवून पाठ फिरवली, तेव्हा केवढा गहजब झाला आणि मागाहून दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. लवण्यात किती राजकारण असते हे बडोद्याला नवे नाही.

राजाचा फोटो असलेलं कॅलेंडर आणता येतं का? काही अडचण आली तर कुणाला फोन करायचा?
— मांजलपूर

आणता येते. बॅगेत चपलांखाली ठेवू नका, विमानतळावर बॅग उघडली तर ते बरे दिसत नाही. बुद्धमूर्तीचे नियम मात्र वेगळे: ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाची परवानगी लागते, दुकानदाराला आधीच विचारा. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलतात. भारतीय दूतावास सुखुमवित रस्त्याच्या २३ व्या सोईत (गल्लीत) आहे. राजघराण्याच्या अपमानाची तक्रार झाली असेल तर पोलिसांपुढे खुलासे करत बसू नका, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी दूतावासाला कळवा आणि दुभाषा मागा. थाई भाषेतल्या जबाबावर ‘फक्त औपचारिकता आहे’ म्हणून सही घेतली जाते आणि पुढे तीच अडचणीची ठरते.